संगणक रखडतो तेव्हा आत काम कोण करतं?

गणपतींचं विसर्जन झालं की ठाण्यातल्या डीटीपीवाल्यांची झोप उडते. दिवाळी अंक छापखान्यात जायची तारीख ठरलेली, लेखकांचा मजकूर उशिरा आलेला, जाहिरातींतले बदल शेवटच्या दिवसापर्यंत चालू. अशाच दिवसांत गोखले रोडमागच्या एका गल्लीतून काकूंचा फोन आला. "अरे, जरा येऊन बघतोस का? पुढच्या पानावर जायला मिनिट लागतंय. परवा तर अर्धा लेख बसवला आणि सगळं गोठलं."

काकूंची खोली दहा बाय बाराची. तीन भिंतींना जुन्या अंकांनी भरलेली कपाटं, चौथ्या भिंतीला टेबल आणि संगणक. विंडोज १०, आठ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) आणि एक टीबीची जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. भाच्याने फोनवरूनच निदान केलं होतं: टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू कामांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, सर्च इंडेक्सर नावाची प्रोसेस सगळ्यात वर दिसते आणि डिस्क शंभर टक्के दाखवते, म्हणजे तीच खाते आहे. बंद करून टाक. काकूंनी मला विचारलं, "करू का बंद?"

मी म्हटलं, "अजून नको, काकू." का, ते नीट सांगायला हवं, कारण हा सल्ला सगळेच देतात आणि बऱ्याचदा तो चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखा असतो.

आधी प्रोसेस म्हणजे काय ते पाहू. संगणकात चालू असलेलं प्रत्येक काम म्हणजे एक प्रोसेस. काही आपण सुरू केलेली असतात: ब्राउझर, पानं लावायचं सॉफ्टवेअर, टॅली. बाकीची कितीतरी विंडोजने स्वतः सुरू केलेली. त्यांना खिडकी नसते, आवाज नसतो. कोणी अपडेट उतरवत असतं, कोणी व्हायरस तपासत असतं, कोणी फाइलींची सूची बनवत असतं. सर्च इंडेक्सर हा तो सूची बनवणारा. आपण स्टार्टमध्ये "आमंत्रण" असं टाइप केलं की फाइल लगेच समोर येते, ती त्याने आधीच वाचून ठेवल्यामुळे. आपण काम करत असलो तर तो स्वतःच मागे सरतो, हात सैल झाला की पुन्हा पुढे येतो. चांगल्या स्वभावाची प्रोसेस आहे ती. मग काकूंच्या संगणकावर ती दिवसभर का धावत होती? खरा प्रश्न हा होता.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. खालच्या बाजूला "मोअर डीटेल्स" दिसलं तर त्यावर क्लिक करायचं. आता चार रकाने दिसतात: सीपीयू (आकडेमोड करणारा मेंदू), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, नेटवर्क. बहुतेक जण इथे थेट प्रोसेसचं नाव वाचायला जातात. तुम्ही आधी रकान्यांच्या डोक्यावरचे आकडे वाचा. चौघांपैकी कोण भरलंय? सीपीयू नव्वदच्या वर असेल तर दुखणं एक, मेमरी नव्वदच्या वर असेल तर दुसरं, डिस्क शंभरावर असेल तर तिसरं. नावापेक्षा जागा आधी कळायला हवी. डॉक्टरही आधी विचारतात, कुठे दुखतंय?

काकूंकडे सीपीयू होता बारा टक्के, मेमरी साठच्या आसपास. डिस्क मात्र शंभर, आणि वेग सेकंदाला अर्ध्या एमबीपेक्षाही कमी. सगळी गोष्ट या दोन आकड्यांच्या जोडीत आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

डिस्क शंभर टक्के म्हणजे ती खूप माल वाहतेय असं नव्हे. तिला एक क्षणही उसंत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ग्रंथालयात चिठ्ठी देऊन पुस्तकं मागवतो तसं समजा. एकाच कपाटातली दहा पुस्तकं मागितली तर कर्मचारी एका फेरीत घेऊन येतो. दहा वेगवेगळ्या कपाटांतली दहा मागितली तर दहा फेऱ्या. दोन्ही वेळा माणूस पूर्ण व्यग्र, पण दुसऱ्या वेळी हाती येणारी पुस्तकं फार सावकाश येतात. फिरत्या हार्ड डिस्कचं हुबेहूब तसंच आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणारी तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सव्वाचार मिलिसेकंद, आणि ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्यासाठी बारा-तेरा मिलिसेकंद गेले. सेकंदाला असे जेमतेम ऐंशी तुकडे. तुकडा चार केबीचा असेल तर सेकंदाला साडेतीनशे केबीसुद्धा होत नाहीत! म्हणजे अगदी ठणठणीत हार्ड डिस्कसुद्धा विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना शंभर टक्के आणि नगण्य वेग दाखवू शकते. एसएसडी या नव्या प्रकारच्या, चिपांच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तिथे हेच तुकडे सेकंदाला हजारोंनी येतात. जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर तो नवा वाटतो, त्याचं कारण हे.

मग काकूंचा संगणक जुनी डिस्क म्हणूनच रखडत होता का? मलाही आधी तसंच वाटलं. पण टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्क निवडली की "ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम" नावाचा आकडा दिसतो. हा आकडा माझा फार आवडता आहे, आणि लोक त्याच्याकडे पाहतच नाहीत. डिस्कला एखादी गोष्ट मागितल्यापासून ती मिळेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, ते तो सांगतो. कामाखाली दबलेल्या निरोगी हार्ड डिस्कमध्ये रांग लागते, तेव्हा तो पन्नास, शंभर, कधी दोनशेवरही जातो. काकूंच्या डिस्कमध्ये तो मध्येच चार हजारांवर उडी मारायचा. चार सेकंद! त्या चार सेकंदांत वेगाची रेघ शून्याला टेकायची, माउसचा बाण थबकायचा आणि मग सगळं भसकन पुढे सरकायचं. रांगेने असं होत नाही. वाट अडली की असं होतं.

याच पानावर तळाशी रिसोर्स मॉनिटर उघडायची सोय असते. त्यात डिस्कच्या टॅबवर गेलं की कोणती प्रोसेस या क्षणी नेमकी कोणती फाइल वाचतेय, ते नावानिशी दिसतं. टास्क मॅनेजर फक्त माणूस दाखवतो, इथे त्याच्या हातातलं काम दिसतं. इंडेक्सर एका जुन्या दिवाळी अंकाच्या पीडीएफवर अडकला होता. पाच मिनिटांनी पाहिलं तरी तीच फाइल. त्याने ती उघडली म्हणून व्हायरस तपासणारी प्रोसेसही तीच फाइल वाचायला गेलेली. दोघंही एकाच दारात उभे, आणि दार उघडत नव्हतं.

खात्रीसाठी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीम या यादीत संगणक स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. तिथे "डिस्क" या नावाने लाल आणि पिवळ्या नोंदींची रांग होती. क्रमांक ७, म्हणजे डिस्कवरचा एखादा भाग खराब झालाय. क्रमांक १५३, म्हणजे वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न फसला आणि पुन्हा करावा लागला. पहिली नोंद तीन आठवड्यांपूर्वीची. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची अंतर्गत तब्येत पाहिली, तर वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या जागांचा आकडा शून्य नव्हता. निरोगी डिस्कमध्ये तो शून्य असतो.

आता विचार करा. भाच्याच्या सल्ल्याने इंडेक्सर बंद केला असता, तर संगणक त्याच क्षणी पळायला लागला असता! कारण ती खराब जागा वाचायला कोणी गेलंच नसतं. काकूंनी समाधानाने काम चालू ठेवलं असतं आणि डिस्क आतल्या आत खचत राहिली असती. अंक छापखान्यात जायच्या आदल्या रात्री काय झालं असतं, याची कल्पनाही मला करवत नाही.

म्हणून आधी कॉपी. अशा वेळी लोक डिस्क दुरुस्तीची लांबलचक तपासणी लावतात किंवा डीफ्रॅग करतात, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र लावतात. कृपा करून तसं करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला संपूर्ण पृष्ठभाग वाचायला लावणं म्हणजे आजारी माणसाला येऊरच्या डोंगरावर चढायला सांगणं. आम्ही आधी सर्च सर्व्हिस, म्हणजे इंडेक्सरला पाठीमागून चालवणारी विंडोजची व्यवस्था, थांबवली (आता ते योग्य होतं, कारण ती का अडली ते माहीत झालं होतं) आणि बाहेरच्या डिस्कवर सगळ्यात पहिल्यांदा यंदाच्या अंकाचं फोल्डर उतरवलं. मग मराठी फॉन्ट. मग चालू ग्राहकांच्या लग्नपत्रिका. जुने अंक सगळ्यात शेवटी. जिथे कॉपी अडेल ती फाइल सोडून पुढे जायचं, तिच्याशी झगडत बसायचं नाही. पहिलं फोल्डर सुखरूप उतरलं तेव्हा काकूंनी डोळे पुसले आणि चहा टाकला.

सगळ्यांच्या संगणकात डिस्कच खराब निघते असं नाही. उलट, बहुतेक वेळा कारण साधं असतं.

महिन्याचा दुसरा मंगळवार लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट त्या दिवशी अमेरिकेतल्या सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र. बुधवारी-गुरुवारी संगणक जड वाटला आणि यादीत विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर दिसला, तर त्याला काम करू द्या. दुपारी जेवायला जाताना संगणक चालू ठेवा, आल्यावर रीस्टार्ट करा. त्याला अर्ध्यात मारलं तर तो पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू करतो. दोन दिवस उलटूनही तो शांत होत नसेल तर अपडेट कुठेतरी फसलाय. तेव्हा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन त्रुटीचा क्रमांक बघायचा आणि त्यानुसार पुढे जायचं. विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी मोफत सुरक्षा अपडेटचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा नव्या संगणकाचा किंवा विंडोज ११चा विचार त्यांनी लांबणीवर टाकू नये.

अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल हे नाव पाहून अनेकांना तोच व्हायरस वाटतो. तो विंडोजचा स्वतःचा राखणदार, डिफेंडर. ठरलेल्या वेळची तपासणी करताना तो साधारण अर्ध्या सीपीयूच्या आत राहायचा प्रयत्न करतो, पण जुन्या संगणकात तेवढंही जाणवतं. तपासणीची वेळ टास्क शेड्यूलरमधून बदलता येते. दुकान दहा वाजता उघडत असेल आणि तपासणीही दहालाच सुरू होत असेल, तर ती दुपारच्या सुट्टीवर ढकला. विशिष्ट फोल्डर तपासणीतून वगळायचीही सोय आहे. ती जपून वापरा आणि डाउनलोड्सचं फोल्डर तर कधीच वगळू नका, बाहेरची घाण पहिल्यांदा तिथेच येते. शिवाय विकत घेतलेला एखादा अँटीव्हायरस आणि त्यावर संगणकाचा वेग वाढवायचा दावा करणारं तिसरं सॉफ्टवेअर, असा थर पुष्कळांकडे सापडतो. काकूंकडेही असं एक वेगवाढवू सॉफ्टवेअर होतं, तेही दिवसभर पाठीमागे चालू. ते काढलं. एक राखणदार पुरतो.

आता त्या गूढ नावाबद्दल, ज्याच्या वीस-तीस ओळी एकाखाली एक दिसतात: एसव्हीसीहोस्ट, किंवा सर्व्हिस होस्ट. वागळे इस्टेटमधला एखादा गाळा आठवा, जिथे दारावर पाटी एकच पण आत चार छोटे उद्योग चालतात. विजेचं बिल वाढलं तर पाटीला दोष देऊन काय उपयोग? आत कोणाचं यंत्र चालू होतं ते पाहावं लागतं. विंडोजच्या बऱ्याच सर्व्हिस स्वतः चालू शकत नाहीत, त्यांना या यजमानाच्या घरात राहावं लागतं. पूर्वी एका घरात अनेक जणी कोंबलेल्या असायच्या. २०१७च्या विंडोज १०च्या सुधारणेपासून, रॅम साडेतीन जीबीहून जास्त असेल तर बहुतेकींना वेगळं घर मिळतं. म्हणून यादी लांब दिसते, आणि म्हणूनच आता दोषी सापडणं सोपं झालंय. ओळीसमोरचा बाण उघडला की आतली सर्व्हिस दिसते. शंका आली तर त्या ओळीवर उजवं बटण दाबून "ओपन फाइल लोकेशन" निवडा. खरा यजमान विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये राहतो. तो डाउनलोड्समध्ये किंवा टेम्पमध्ये सापडला, किंवा नावातल्या ओ या अक्षराच्या जागी शून्य असला, तर तो बहुरूपी आहे. तेव्हा इंटरनेट तोडा आणि डिफेंडरची ऑफलाइन तपासणी (विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी होणारी) लावा.

मेमरी भरली असेल तर वेगळाच खेळ. रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. फिरत्या डिस्कवर ही ने-आण जीवघेणी ठरते. अशा वेळी डिस्क शंभर टक्के दिसते, पण मूळ दुखणं रॅमचं असतं. ब्राउझरचे चाळीस टॅब बंद करून पाहा, लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. विंडोज ८पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर गाभ्याचा भाग डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर "अप टाइम" बघा. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यांकडेही तिथे सतरा-अठरा दिवस दिसू शकतात. अडकलेली सर्व्हिस, गुदमरलेला ड्रायव्हर (प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) हे सगळं रोज सकाळी तसंच परत येतं. रीस्टार्ट मात्र खरोखर सगळं नव्याने सुरू करतो. तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिली विनंती रीस्टार्टचीच करतो.

उन्हाळ्यात, पत्र्याच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या संगणकात कोणतीच प्रोसेस दोषी नसते आणि तरी सगळं रखडतं. सीपीयू तापला की जळू नये म्हणून तो स्वतःचा वेग उतरवतो. परफॉर्मन्स पानावरचा वेग मूळ वेगाच्या बराच खाली गेलेला दिसतो. पंख्यातली धूळ काढा. ॲपलच्या संगणकांत तर कर्नल टास्क नावाची प्रोसेस सीपीयू खाताना दिसते, आणि पुष्कळदा ती तापमान आवरण्यासाठीच बाकीच्यांना रोखून धरत असते. तिला मारायला जाणं म्हणजे अग्निशमनवाल्याच्या हातातली नळी ओढणं.

सिस्टीम इंटरप्ट्स, म्हणजे जोडलेल्या यंत्रांनी सीपीयूला मारलेल्या हाका, सतत दहा टक्क्यांच्या वर असतील तर यूएसबीला जोडलेल्या वस्तू एकेक करून काढून पाहा. आणि सिस्टीम आयडल प्रोसेस पंच्याण्णव टक्के दिसली म्हणून घाबरू नका. ती रिकाम्या वेळाची नोंद आहे.

काकूंच्या संगणकात दुसऱ्या दिवशी एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने टाकलं. संध्याकाळी सर्च सर्व्हिस पुन्हा सुरू केली. इंडेक्सर कामाला लागला, डिस्क क्षणभर वर गेली, रिस्पॉन्स टाइम एका मिलिसेकंदाच्या आत. काकू पानं लावत होत्या, त्यांना तो चालू झाल्याचं कळलंही नाही. तासाभराने त्यांनी स्टार्टमध्ये एका जुन्या लेखिकेचं आडनाव टाकलं आणि बारा वर्षांपूर्वीची फाइल समोर आली.

सगळं मात्र वाचलं नाही. ज्या पीडीएफवर इंडेक्सर अडकला होता तो अंक जुन्या डिस्कवरून निघालाच नाही, आणि कपाटातली त्याची छापील प्रत कोणीतरी नेऊन परत केली नव्हती. काकूंनी वहीच्या मागच्या पानावर अंकाचं नाव आणि साल लिहून ठेवलं. अंक छापखान्यात गेला की त्या १८९३ सालापासून ठाण्यात असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन त्याची प्रत आहे का ते विचारणार आहेत.